नात्याचा रकाना

दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून अनेक रस्ते फुटतात. त्यांतील एक रस्ता इंडिया गेटच्या दिशेने जातो. त्याचे नाव कोपर्निकस मार्ग. हा रस्ता फार लांब नाही. रमतगमत चालले तरी थोड्याच वेळात संपतो. परंतु एवढ्याशा अंतरात किती प्रकारची माणसे भेटतात! दूरदर्शनच्या इमारतीत कामाला निघालेले कर्मचारी, कमानी सभागृहात नाटक किंवा गाणे ऐकायला आलेले रसिक, न्यायाधिकरणात तारखेला आलेले आणि कागदांची पिशवी छातीशी धरून बसलेले अर्जदार. आणि महाराष्ट्र सदनाच्या फाटकाशी उभे राहून मराठीत बोलणारे प्रवासी.

महाराष्ट्र शासनाचे हे दिल्लीतील जुने सदन. 2013 मध्ये कस्तुरबा गांधी मार्गावर नवे सदन उभे राहिले. तरीही दिल्लीतील जुन्या मराठी माणसाच्या बोलण्यात 'सदन' म्हटले की कोपर्निकस मार्गच डोळ्यांपुढे येतो. परक्या मुलखात आपली भाषा कानावर पडली की माणूस थबकतो. "कुठले तुम्ही?" असा प्रश्न येतो. कोणी लातूरचा असतो, कोणी वर्ध्याचा, कोणी सावंतवाडीचा. गावी असते तर या माणसांनी एकमेकांकडे वळूनही पाहिले नसते. येथे मात्र पाच मिनिटांत एक जण 'काका' होतो, दुसरी 'मावशी' होते. कोणाला रुग्णालयाचा रस्ता सांगितला जातो, कोणाच्या हाती घरून आणलेल्या लाडवांचा डबा दिला जातो. नाते आधी तोंडून उच्चारले जाते आणि मग ते निभावण्याची जबाबदारी हळूच अंगावर येते.

मात्र कोठेही मुक्कामाला जावे, इस्पितळात दाखल व्हावे, बँकेत खाते उघडावे, शाळेत नाव घालावे, तर पुढ्यात एक अर्ज येतो. त्या अर्जात एक लहानसा रकाना असतो: 'नाते'. सोबतची व्यक्ती तुमची कोण? तुमच्या पश्चात पैसे कोणाला द्यायचे? या मुलाचा पालक कोण? बहुतेकांची लेखणी येथे अडत नाही. आई, वडील, पती, पत्नी, मुलगा, मुलगी असा एकच शब्द लिहिला की काम भागते. परंतु काहींची लेखणी त्या रकान्यापाशी थांबते. ज्या शेजारणीने लहानाचे मोठे केले, तिला काय म्हणायचे? ज्या मित्राने आजारपणात रात्रीच्या रात्री उशाशी बसून काढल्या, त्याचे नाते कोणत्या शब्दात मांडायचे? दुसऱ्या बाईच्या पोटी जन्मलेल्या, पण आपल्या हातचे जेवून वाढलेल्या मुलासमोर काय लिहायचे? रकाना बोटभर रुंदीचा असतो आणि आयुष्य त्यात मावत नाही.

मराठी भाषेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला दिसतो. आपण 'सगेसोयरे' म्हणतो तेव्हा दोन प्रकारची नाती एका शब्दात जोडतो. सगे म्हणजे रक्ताचे आणि सोयरे म्हणजे लग्नसंबंधाने जोडले गेलेले. 'आप्त' हा तिसरा शब्द तर अधिक अर्थपूर्ण आहे. मूळ संस्कृतात आप्त म्हणजे मिळालेला, आपल्यापर्यंत पोहोचलेला. आणि ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा असा माणूस, हाही त्याचा अर्थ. म्हणजे नातलगासाठी आपण जो शब्द वापरतो, त्यात जन्माचा उल्लेख नाही, विश्वासाचा आहे. 'मानलेला भाऊ', 'मानलेली बहीण' हे शब्दही आपल्याकडे सहज वापरले जातात. भाऊबिजेच्या ताटात ओवाळणी टाकणारा हात सख्ख्या भावाचाच असला पाहिजे, असा आग्रह मराठी बहिणीने क्वचितच धरला असेल.

याचा अर्थ जन्माचे नाते उणे आहे असा नव्हे. जन्मासोबत माणसाला बरेच काही न मागता मिळते: चेहऱ्याची ठेवण, बोलण्याची लकब, भाषा, आडनाव, आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी. 'काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही' ही म्हण भावाभावांच्या भांडणांवरच सांगितली जाते. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ आईच्या दहाव्याला एकाच पंगतीत बसतात. या नात्याचे बळ असे की ते तोडू म्हटले तरी सहज तुटत नाही. मात्र त्याच बळात त्याची उणीवही दडलेली असते. जे आपोआप मिळते, त्याला जपावे लागते याचा विसर पडतो.

या विसराचे चित्र मराठी रंगभूमीने 'नटसम्राट' या नाटकात उभे केले. कुसुमाग्रजांचे हे नाटक 1970 मध्ये रंगभूमीवर आले आणि 1974 मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या अकादमीचे कार्यालयही या कोपर्निकस मार्गापासून जवळच, मंडी हाउसच्या चौकालगत आहे. आयुष्यभराची मिळकत मुलांच्या नावे करून मोकळे झालेले अप्पासाहेब बेलवलकर म्हातारपणी घराबाहेर पडतात आणि त्यांना जवळ करतो तो रस्त्यावर बुटांना पॉलिश करणारा एक मुलगा. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी येते, ते केवळ मुलांच्या कृतघ्नतेमुळे नव्हे. त्या पोरक्या मुलाने कोणत्याही रकान्यात न बसणारे नाते उचलून घेतले, हे पाहून मन अधिक हेलावते.

रंगमंचावरचा हा प्रश्न याच रस्त्यावर कायद्याच्या भाषेत विचारला जातो. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ कोपर्निकस मार्गावर आहे. 1985 च्या कायद्याने स्थापन झालेले हे न्यायाधिकरण केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे नोकरीविषयक वाद ऐकते. बढती, बदली, रजा आणि निवृत्तिवेतन हे तेथील विषय. दिसायला रूक्ष वाटणाऱ्या या विषयांच्या मुळाशी पुष्कळदा एकच प्रश्न असतो: कर्मचाऱ्याचे 'कुटुंब' म्हणजे कोण? नियमांच्या पुस्तकात कुटुंबाची व्याख्या दिलेली असते. त्या व्याख्येत जो बसतो त्याला आधार मिळतो. जो बसत नाही, तो त्या घरात वीस वर्षे राहिलेला असला तरी बाहेरचा ठरतो.

अशाच एका वादाचा शेवट 16 ऑगस्ट 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयात झाला. एका परिचारिकेचे हे प्रकरण चंडीगडच्या न्यायाधिकरणातून सुरू झाले होते. तिच्या पतीला पहिल्या विवाहापासून दोन मुले होती. या मुलांची नावे तिने आपल्या नोकरीच्या नोंदींत घातली आणि त्यांच्या संगोपनासाठी रजाही घेतली. पुढे 2019 मध्ये तिला स्वतःचे पहिले मूल झाले, तेव्हा तिने प्रसूती रजा मागितली. ती नाकारण्यात आली. दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असतील तरच ही रजा मिळते, असा नियम होता आणि कार्यालयाच्या हिशेबी हे तिसरे अपत्य होते. न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालय या दोन्ही ठिकाणी तिच्या पदरी निराशाच आली.

या प्रकरणातील विरोधाभास पाहण्यासारखा आहे. त्या स्त्रीने सावत्र मुलांना आपले मानले नसते, तर तिची रजा बिनतक्रार मंजूर झाली असती. दोन पोरांना मायेने जवळ केल्याची जणू तिला शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा आशय असा की, आई, वडील आणि त्यांची मुले एवढ्याच चौकटीत कुटुंब पाहण्याची सवय पुरेशी नाही. जोडीदाराचा मृत्यू, विभक्त होणे, पुनर्विवाह, दत्तकविधान, दुसऱ्याच्या मुलांचा सांभाळ अशा कारणांनी कुटुंबाचे रूप बदलते. ते रूढ कुटुंबासारखे दिसत नसले तरी खरे असते आणि कायद्याच्या संरक्षणास पात्र असते. एका परिचारिकेच्या रजेच्या अर्जातून न्यायालय एवढ्या मोठ्या प्रश्नापर्यंत पोहोचले.

गंमत अशी की, आपल्या जनगणनेने कुटुंबाची व्याख्या करताना रक्ताची अट घातलेलीच नाही. सामान्यपणे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातील अन्न खाणारी माणसे म्हणजे जनगणनेच्या दृष्टीने एक घर. मग ती नात्याची असोत वा नसोत. आपल्या खेड्यांतील आजीबाईंची व्याख्या तरी याहून वेगळी कोठे आहे? भाऊ वेगळे झाले, असे सांगायचे असते तेव्हा त्या म्हणतात, "चूल वेगळी झाली." म्हणजे कुटुंब चुलीभोवती मोजायचे. परंतु चुलीपाशी बसवून घेणे ही झाली सुरुवात. जेव्हा समाज विचारतो, "हा तुमचा कोण?", तेव्हा काय उत्तर द्यायचे, ही खरी कसोटी असते. या कसोटीला उतरलेल्या एका मराठी घराची हकिगत सर्वांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

जोतीराव फुले यांचा जन्म 1827 चा. ते तान्हे असतानाच त्यांची आई चिमणाबाई निवर्तली. नात्यातील सगुणाबाई क्षीरसागर या बालविधवेने त्यांना आईच्या मायेने वाढवले. 'माय मरो आणि मावशी जगो' अशी आपल्याकडे म्हण आहे. ती जोतीरावांच्या बाबतीत वेगळ्या रीतीने खरी ठरली. पुढे जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी मुलींना व अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांना शिकवायला आरंभ केला. लोकांचा रोष वाढला. त्या रोषापुढे वडील गोविंदराव नमले आणि 1849 मध्ये या तरुण दांपत्याला राहते घर सोडावे लागले. ज्यांना परक्याने आई दिली, त्यांनाच जन्मदात्याने उंबरठ्याबाहेर काढले. एकाच आयुष्यात माणसाला दोन्ही नात्यांची दोन रूपे दिसली.

त्या काळी उच्चवर्णीय विधवांना पुनर्विवाहाची मुभा रूढीने दिलेली नव्हती. एखाद्या विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे दोनच मार्ग उरत: स्वतः जीव देणे किंवा जन्मलेल्या बाळाचा जीव घेणे. 1863 मध्ये फुले दांपत्याने पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. कोणत्याही विधवेने यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल नेता आले तर न्यावे, नाही तर ठेवून जावे, अशी ही सोय होती. 1874 मध्ये काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. या दांपत्याला स्वतःचे अपत्य नव्हते. परंतु मूल हवे म्हणून दत्तक घ्यायचेच होते, तर रूढ मार्गाने भावकीतील मुलगा घेता आला असता. त्यांनी घेतले ते असे मूल, ज्याच्या बापाचे नाव कोणी उच्चारायला तयार नव्हते आणि ज्याच्या जातीचा मेळ त्यांच्या जातीशी बसत नव्हता.

मूल घरात आणणे हे मोठे काम आहे. परंतु ते मूल आपले आहे, हे चारचौघांत पुन्हा पुन्हा सिद्ध करणे त्याहून अवघड. जोतीरावांनी यशवंतला शिकवले. जुलै 1887 मध्ये मृत्युपत्र करून त्यात त्याला वारस म्हणून स्थान दिले. मनातली माया कागदावर उतरल्याशिवाय जगात टिकत नाही, हे त्या व्यवहारी माणसाला ठाऊक होते. यशवंतच्या लग्नाच्या वेळीही त्याच्या जन्माचा प्रश्न आडवा आला. विधवेच्या पोटी जन्मलेल्या मुलाला मुलगी कोण देणार? अखेर सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते ग्यानोबा ससाणे यांनी आपली कन्या दिली आणि 4 फेब्रुवारी 1889 रोजी सत्यशोधक पद्धतीने हा विवाह पार पडला.

28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेपुढे अग्नीचे मडके धरून चालण्याचा मान मुलाचा असतो. या मडक्याला टिटवे म्हणतात. चरित्रकार सांगतात की भाऊबंदांनी यशवंतच्या त्या अधिकाराला हरकत घेतली. दत्तक मुलगा, त्यातून अशा जन्माचा, त्याने टिटवे कसे धरायचे? तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या. त्यांनी टिटवे हाती घेतले आणि पतीच्या अंत्ययात्रेपुढे त्या चालू लागल्या. ज्या काळात स्त्रिया स्मशानातही जात नसत, त्या काळातील ही गोष्ट आहे. त्यांच्या त्या एका पावलात दोन उत्तरे होती: पत्नीच्या अधिकाराचे आणि आईच्या निर्धाराचे. "हा तुमचा कोण?" या प्रश्नाला याहून स्पष्ट उत्तर कोण देऊ शकेल?

यशवंतनेही नाते निभावले. तो डॉक्टर झाला. 1897 मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतले. पुण्याबाहेर ससाणे यांच्या मळ्यात दवाखाना सुरू झाला. मुलगा औषधोपचार करी आणि आई रुग्ण आणून पोहोचवी. अशाच एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. तो संसर्ग त्यांना झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. ज्या बाईने परक्याचे मूल पोटाशी धरून संसार उभा केला, तिने अखेरच्या दिवसांतही परक्याचेच मूल पाठीशी घेतले होते.

फुले दांपत्याने जे स्वतःच्या बळावर केले, त्याला पुढे कायद्याचा आधार मिळत गेला. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलीलाही दत्तक घेता येऊ लागले आणि अविवाहित किंवा विधवा स्त्रीलाही स्वतःच्या नावे दत्तक घेण्याचा हक्क मिळाला. विवाहित स्त्रीला पतीच्या बरोबरीचा हक्क मिळायला मात्र 2010 ची दुरुस्ती यावी लागली. बालन्याय कायद्याने कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेण्याची वाट मोकळी केली. या 1956 च्या कायद्यातील एक कलम मुद्दाम ध्यानात घेण्यासारखे आहे. विधिपूर्वक झालेले दत्तकविधान दत्तक घेणाऱ्यांना रद्द करता येत नाही आणि दत्तक गेलेल्या मुलालाही ते नाते झिडकारून जन्माच्या कुटुंबात परत जाता येत नाही. म्हणजे निवडलेले नाते एकदा स्वीकारले की ते जन्माच्या नात्याइतकेच न तुटणारे होते. काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही, हे येथे कायद्यानेच म्हटले आहे.

निवडीने मिळालेले कुटुंब अधिक सोपे आणि अधिक गोड असते, असा एक गोड समज आढळतो. तो खरा नाही. वर्धा जिल्ह्यात 14 नोव्हेंबर 1948 रोजी जन्मलेल्या सिंधुताई सपकाळ यांचे आयुष्य याची साक्ष देते. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले. लहान वयात लग्न झाले. पुढे गरोदर असताना पतीने त्यांना घराबाहेर काढले आणि गोठ्यात त्यांनी मुलीला जन्म दिला. माहेरीही थारा मिळाला नाही. रेल्वे स्थानकांवर गाणी म्हणत भीक मागताना त्यांना आपल्यासारखीच निराधार मुले भेटली. त्यांना घास भरवता भरवता त्या अनाथांच्या माई झाल्या. मात्र पोटच्या मुलीचा आणि जमवलेल्या मुलांचा सांभाळ एका हाताने करताना आपल्याकडून दुजाभाव होईल, या भीतीने त्यांनी आपल्या मुलीला पुण्यातील एका संस्थेकडे सोपवले.

या निर्णयापाशी वाचकाने क्षणभर थांबावे. अनेक मुलांना आई मिळाली, त्याची किंमत एका मुलीने मोजली. हे योग्य होते की नव्हते, याचा निवाडा बाहेरच्या माणसाने करू नये. पण ते सोपे नव्हते एवढे निश्चित. पुढे ज्या पतीने हाकलले, तोच म्हातारपणी आसऱ्याला आला. सिंधुताईंनी त्याला आश्रय दिला, पण पती म्हणून नव्हे, आपल्या मुलांतील एक म्हणून. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान मिळाला. 4 जानेवारी 2022 रोजी त्या गेल्या. त्यांच्या जगण्यात जन्माचे आणि निवडीचे नाते एकमेकांसमोर उभे राहिले आणि दोन्हींचा भार त्यांना वाहावा लागला.

आता पुन्हा त्या रस्त्यावर येऊ. कोपर्निकस मार्ग हे नाव वाचणाऱ्याला वाटते की आकाशातील ग्रहगोलांचा अभ्यास करणाऱ्या पोलंडच्या या शास्त्रज्ञाचा आपल्या विषयाशी काय संबंध? पण संबंध आहे. निकोलस कोपर्निकस याचा जन्म 1473 मध्ये तोरुन या गावी झाला. चार भावंडांत तो धाकटा. तो सुमारे दहा वर्षांचा असताना वडील वारले. तेव्हा त्याच्या मामाने, लुकास वाटझेनरोडे याने, या मुलांचा सांभाळ केला. भाच्याला क्राकोच्या विद्यापीठात धाडले, पुढे इटलीत शिकायला पाठवले. मामाने हात धरला नसता, तर ज्या पुस्तकाने पृथ्वीला विश्वाच्या केंद्रावरून हलवले, ते पुस्तक कदाचित लिहिलेच गेले नसते.

कोपर्निकसने लग्न केले नाही. त्याला मूलबाळ नव्हते. परंतु बहीण कॅथरिना हिच्या मागे राहिलेल्या पाच मुलांकडे त्याने अखेरपर्यंत लक्ष दिले. मामाने भाच्यासाठी जे केले, तेच भाचा मामा झाल्यावर करीत राहिला. त्याच्या म्हातारपणी, 1539 मध्ये, रेटिकस नावाचा पंचविशीचा तरुण त्याच्याकडे शिकायला आला. या तरुणाच्या वडिलांना देहान्ताची शिक्षा झाली होती आणि त्यामुळे त्याला वडिलांचे आडनावही लावता येत नव्हते. नावाच्या रकान्यातच ज्याला वाण होती, असा हा शिष्य. त्याच्याच आग्रहाने आणि खटपटीने कोपर्निकसचा ग्रंथ छपाईला गेला आणि 1543 मध्ये, गुरूच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. अपत्यहीन गुरू आणि बापाचे नाव हरवलेला शिष्य! ते एकमेकांचे कोण होते, हे सांगायला कोणत्याही अर्जात शब्द सापडणार नाही.

कुटुंब जन्माने मिळते की निवडीने, या प्रश्नाचे उत्तर या सगळ्या माणसांनी बोलून दिले नाही. सगुणाबाईंनी पोरके मूल उचलले. जोतीरावांनी मृत्युपत्रात नाव लिहिले. सावित्रीबाईंनी टिटवे धरले. एका परिचारिकेने सावत्र मुलांची नावे स्वतःच्या नोंदीत घातली आणि त्यासाठी तीन वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. यांपैकी प्रत्येकाला कोणी ना कोणी विचारले होते, "हा तुमचा कोण?" आणि प्रत्येकाने सोयीचे उत्तर न देता खरे उत्तर दिले. जन्म आपल्याला माणसांच्या जवळ आणून सोडतो. त्यांना आपले म्हणायचे की नाही, हे सख्ख्या भावाच्या बाबतीतही रोज नव्याने ठरवावे लागते. त्या अर्थाने पाहिले तर टिकलेले प्रत्येक नाते हे निवडलेलेच असते.

संध्याकाळ झाली की कोपर्निकस मार्गावरची वर्दळ बदलते. न्यायाधिकरणातील अर्जदार आपापल्या पिशव्या घेऊन निघून जातात. सभागृहाच्या दारात दिवे लागतात. रात्रीच्या गाडीने परत निघालेला कोणी प्रवासी आपले सामान उचलतो, आणि चार दिवसांपूर्वी ज्याला ओळखतही नव्हता अशा माणसाला म्हणतो, "येतो, काका. पोहोचल्यावर फोन करतो." आपल्या हाती पुढच्या वेळी एखादा अर्ज येईल आणि नात्याच्या रकान्यापाशी लेखणी थबकेल, तेव्हा घाई करू नये. आपल्यासाठी कोण जागले, आपण कोणासाठी जागलो, हे आधी आठवावे आणि मग तेथे नाव लिहावे.